फवारणीची वही, जागतिक बँक आणि फुको

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी होती, श्रीमंत देश गरीब देशांवर सत्ता चालवतात ती नक्की कशी. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत, पण उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत म्हणून एकत्रच छापतोय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी कोल्हापूरला राज्यशास्त्रात एमए करतेय. डेझर्टेशनसाठी मला फुकोची गव्हर्नमेंटॅलिटी श्रीमंत आणि विकसनशील देशांच्या संबंधांना लावून बघायचीय. पण आमचे सर म्हणतात की फुको बोलतो ते राज्याच्या आतल्या कारभाराबद्दल, जगाला काही एक सरकार नाही, मग ही थिअरी देशादेशांमध्ये चालणार कशी? विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : विषय बदलू नकोस. पण सरांचा आक्षेप बाजूलाही टाकू नकोस, पहिलं प्रकरण त्यानेच सुरू कर, कारण ज्यांनी ही थिअरी घाईघाईने सगळीकडे चिकटवली त्यांचं लिखाण याच ठिकाणी लंगडं पडतं.

आधी थोडक्यात फुको. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने गव्हर्नमेंटॅलिटीची, म्हणजे लोकांचं वागणं वळवून कारभार करण्याच्या रीतीची, कल्पना मांडली ती पॅरिसमधल्या कॉलेज द फ्रान्समधल्या लेक्चरमध्ये, १ फेब्रुवारी १९७८ ला. त्याचं म्हणणं असं की जुन्या राजाचं लक्ष मुलखावर असायचं, हद्द राखायची, हुकूम मोडला की शिक्षा करायची. पण युरोपात सोळाव्या शतकापासून पुढे हळूहळू कारभाराचं लक्ष लोकसंख्येकडे वळलं, म्हणजे किती जन्मले, किती मेले, धान्याचा भाव काय, साथ कुठवर पोचली. आणि मग माणसाला धाकात ठेवण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूची व्यवस्थाच अशी लावायची की तो आपणहून हवं तसं वागेल, हे जास्त कामाचं ठरायला लागलं. त्यासाठी आकडे लागतात, तज्ज्ञ लागतात, तक्ते लागतात, आणि ही कामं फक्त सरकारी कचेरीत होत नाहीत, दवाखान्यात होतात, शाळेत होतात, बँकेत होतात.

आता बघ, सत्ता जर अशी पसरलेली असेल तर "जगाला सरकार नाही" या वाक्याने फार काही अडत नाही, कारण तू सिंहासन शोधतच नाहीयेस, तू कामाची रीत शोधतेयस. कर्ज देणारी संस्था, मदत देणारं परदेशी खातं, सल्लागार कंपनी, आपल्याच मंत्रालयातला डेस्क ऑफिसर, हे सगळे मिळून एखाद्या देशाचं वागणं वळवतात का आणि कसं, हा प्रश्न फुकोच्या पद्धतीने नीट विचारता येतो.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून मी सगळ्यांना आधी लेसोथोकडे पाठवते. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा छोटा डोंगराळ देश, १९६६ ला स्वतंत्र झाला. १९७५ साली जागतिक बँकेने त्याच्यावर रिपोर्ट लिहिला त्यात चित्र असं काढलं की हा आधुनिक अर्थव्यवस्थेचा वाराही न लागलेला, पोटापुरती शेती करणाऱ्या पारंपरिक शेतकऱ्यांचा देश आहे. जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने नंतर तिथे राहून अभ्यास केला, तो १९९० ला प्रसिद्ध झाला, आणि त्यातून उलटंच दिसलं. तिथली माणसं कित्येक पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होती, ग्रामीण घराच्या उत्पन्नातला साधारण ७० टक्के वाटा तिकडच्या मजुरीचा होता आणि पिकांचा फक्त ६ टक्के. एकोणिसाव्या शतकात तर हाच भाग आसपास धान्य विकायचा, चांगल्या जमिनी गोऱ्यांनी बळकावल्यावर तो मजूर पुरवणारा भाग बनला.

मग बँकेच्या लोकांना हे माहीत नव्हतं का? आकडे तर उपलब्ध होते. फर्ग्युसनचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. तो कुणाला मूर्ख ठरवत नाही की कुणी कट केला असंही म्हणत नाही. तो म्हणतो की विकास संस्थेच्या हातात देण्यासारखं काय असतं, तर बियाणं, खत, रस्ता, ट्रेनिंग, प्रोजेक्ट मॅनेजर. जमीन कुणी बळकावली, वर्णभेदी राजवटीत खाणमजुराला किती पगार मिळतो, लेसोथोच्या सरकारने १९७० ची निवडणूक हरत असताना ती रद्द का केली, या गोष्टींवर कुठला प्रोजेक्ट मंजूर होत नाही. त्यामुळे देशाचं वर्णनच असं लिहिलं जातं की ज्याला प्रोजेक्ट हेच उत्तर बसेल, आणि राजकारणाचा सगळा भाग फाईलच्या बाहेर राहतो.

थाबा-त्सेका नावाचा प्रोजेक्ट होता, १९७५ ते १९८४, जागतिक बँक आणि कॅनडाच्या मदतीने चाललेला. त्यात एक भाग पशुधनाचा. तज्ज्ञांना दिसलं की डोंगरातल्या कुरणांवर जनावरं जास्त झालीत, लोक ती विकत नाहीत, अगदी दुष्काळ तोंडावर असला तरी विकत नाहीत, म्हणजे यांना बाजार कळत नाही. मग कुरणाला कुंपण घातलं, सुधारित जात आणली, कुरण वापरणाऱ्यांना सभासद केलं. गावातलं गणित मात्र वेगळंच होतं. खाणीतून आलेला पगार रोख हातात राहिला तर त्यावर बायकोचा, भावाचा, शेजाऱ्याचा सगळ्यांचा हक्क सांगता येतो, पण त्याची गाय घेतली की ती सहजासहजी विकता येत नाही असा तिथला रिवाज आहे, त्यामुळे खाणमजुरासाठी गुरं म्हणजे म्हातारपणाची एफडी. शिवाय नवरा वर्षभर बाहेर असताना ती गुरं गावात त्याची पत राखून असतात, कुणाला दुभतं वापरायला दिलं, कुणाला नांगरायला दिलं, की माणसं बांधलेली राहतात. ज्यांना ती विकायला लावायची होती त्यांच्या दृष्टीने हा सल्ला म्हणजे म्हातारपण उघड्यावर टाकणं होतं. आणि बायकांचं काय, तर त्यांना रोख पैसा हवा असायचा, म्हणजे घरातही या प्रश्नावर ओढाताण होतीच, तेही रिपोर्टात नाही. कुंपणं तोडली गेली, फाटकं उघडी टाकली गेली, प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या उद्दिष्टांत फसला.

पण तुझ्या कामाचा मुद्दा आता येतो. फसलेल्या प्रोजेक्टने मागे काय ठेवलं? राजधानीपासून रस्ता आला, जिल्ह्याचं ठिकाण झालं, सरकारी कचेऱ्या आल्या, पोलीस आले. रस्त्याने शेतमाल बाहेर जायचा होता, प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिकेचं धान्य आत यायला सोपं झालं. आणि ज्या डोंगरी भागात सरकारविरोधी लोक बरेच होते तिथे सरकारचा हात पोचला, तोही "विकास" या नावाखाली, म्हणजे त्यावर राजकीय भांडणसुद्धा करता येऊ नये अशा पद्धतीने. हे कुणी ठरवून केलं असं नाही, हे पुन्हा सांगते, कारण विद्यार्थी इथे हमखास कटाची गोष्ट लिहून मोकळे होतात.

आता सरांच्या आक्षेपाकडे परत ये. काही अभ्यासकांनी तो फार नेमका मांडलाय, की युरोपातली ही रीत तयार झाली ती जिथे बाजार, नगरपालिका, विमा, शाळा असं सगळं दाट विणलेलं होतं तिथे, गरीब देशात ते तसं नसताना परदेशी संस्था जे करतात ते लोकांना वळवणं नसतं, ते सरकारांना वळवणं असतं. मला हे बरंचसं पटतं. म्हणून तू दोन थर वेगळे ठेव. एक थर देशाचं सरकार कसं वागेल याचा, आणि दुसरा त्या देशातली माणसं कशी वागतील याचा. पहिल्या थरात ही रीत छान चालते, दुसऱ्यात बऱ्याचदा थाबा-त्सेकाच्या कुंपणासारखी तुटते.

पहिल्या थरासाठी दोन उदाहरणं घे. १९९९ पासून कर्जमाफी हवी असलेल्या अतिगरीब देशांना जागतिक बँक आणि आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, सांगितलं की गरिबी हटवण्याचा आराखडा तुम्हीच लिहा, तुमच्या लोकांशी, संस्थांशी चर्चा करून लिहा, आम्ही लादणार नाही. १९८० च्या दशकात अटी वॉशिंग्टनहून यायच्या आणि लोक रस्त्यावर उतरायचे, त्यावरचा हा उपाय. पण लिहिलेला आराखडा परत त्या दोन संस्थांसमोरच जायचा. आता अर्थमंत्रालयात बसलेल्या माणसाला पक्कं माहीत आहे की कशाला मान डोलते आणि कशाला प्रश्न येतात, तर तो काय लिहील? महागाईवर लक्ष, वित्तीय तूट आवरणं, खासगी क्षेत्राला वाव, हे तो स्वतःच्या पेनने लिहील आणि खाली स्वतःच्या देशाचं नाव घालेल. इथे फुको अगदी चपखल बसतो.

दुसरं उदाहरण घरचं. जागतिक बँकेचा डूइंग बिझनेस रिपोर्ट आठवत असेल, धंदा करणं कुठे किती सोपं याची देशांची क्रमवारी. भारतासाठी त्यात फक्त मुंबई आणि दिल्ली मोजायचे. २०१५ च्या रिपोर्टात आपण १४२ वर होतो, २०२० च्या रिपोर्टात ६३ वर. बांधकाम परवान्याच्या रकान्यात तर एका वर्षात १८१ वरून ५२ वर आलो. आणि त्याच वर्षी कोर्टात करार अंमलात आणण्याच्या रकान्यात १६३ च्या आसपासच राहिलो, कारण पालिकेचा फॉर्म ऑनलाइन करणं एका वर्षात जमतं, कोर्टातल्या तारखा कमी करणं जमत नाही. मोजणीत नसलेल्या इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला त्या रकान्याने काय दिलं हे तू तिथे जाऊन विचारू शकतेस, कोल्हापूरहून जवळच आहे. मग केंद्राने २०१५ पासून तशीच क्रमवारी राज्यांची सुरू केली, त्यात बँकेची मदत होती, पहिल्या यादीत गुजरात पहिलं आणि महाराष्ट्र आठवा. म्हणजे जी रीत देशाला लावली तीच देशाने राज्यांना लावली, हुकूम कुणीच काढला नाही. पुढे चीन, सौदी अरेबिया वगैरे देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं निघालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो रिपोर्टच बंद केला. ज्या आकड्यासाठी अर्ध्या जगाची मंत्रालयं पळत होती तो आकडा असा होता, आणि त्याचा हिशेब पळणाऱ्यांना कुणी दिला नाही, याचा मला आजही राग येतो.

एवढं कर, "जागतिक गव्हर्नमेंटॅलिटी" असं आभाळाएवढं शीर्षक घेऊ नकोस. एक प्रोजेक्ट किंवा एक रिपोर्ट घे, त्यातले फॉर्म, रकाने, मीटिंगचे कागद मिळव, आणि बघ की कोणता प्रश्न पहिल्या कागदावर होता आणि शेवटच्या कागदावर नाहीये.

प्रश्न : तुमच्या सदरात फ्रेंच विचारवंतांची नावं बरीच येतात. मी बँकेत आयुष्य काढलंय. १९९१ ला देशाचं सोनं बाहेर गेलं ते आम्ही पाहिलंय. त्याला सरळ नववसाहतवाद म्हणावं, त्यासाठी नवीन थिअरी कशाला? दादाभाई नौरोजींनी हे सगळं सांगून ठेवलंच होतं.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : काका, तुमचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने साधारण ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं, त्यावर ४० कोटी डॉलरच्या आसपास उभे राहिले, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. तिथे कुणी आपल्याला हळुवारपणे वळवत नव्हतं. परकीय चलन संपत आलं होतं आणि समोरच्याला ते माहीत होतं. अशा वेळी फुको काढून बसणं म्हणजे दरवाजावर सावकार उभा असताना त्याच्या अक्षराचं कौतुक करणं. आयएमएफमध्ये मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे ती एकटी अडवू शकते, भारताकडे पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत. ही उघडी सत्ता आहे, ती मोजता येते, आणि गव्हर्नमेंटॅलिटीवर लिहिणारे बरेच जण ती विसरतात ही माझी त्यांच्याबद्दलची खरी तक्रार आहे. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, मार्च २०२३ मध्ये आयएमएफने जवळपास ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, आणि सोबत तिथल्या कारभाराची, भ्रष्टाचाराची तपासणी करून सप्टेंबर २०२३ मध्ये रिपोर्ट दिला. आधी गळा आवळलेला होता म्हणून ती तपासणी होऊ शकली. दोन्ही एकत्र बघायला हवं.

पण उरलेलं निम्मं मान्य नाही, आणि त्यासाठी दादाभाईंकडेच जाऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस. त्यांनी हिंदुस्थानचं माणशी वार्षिक उत्पन्न काढलं, २० रुपये, आणि ते कशातून काढलं तर इंग्रज सरकारच्याच प्रांतवार रिपोर्टांतून. मग त्यांनी तुरुंगाचे हिशेब उघडले, कैद्याला जगवायला सरकार किती खर्च करतं ते पाहिलं, आणि दाखवून दिलं की मोकळ्या रयतेच्या वाट्याला तेवढंही येत नाही. आता यात सत्तेचा कुठला प्रकार आहे ते बघा काका. इंग्रज फक्त तोफेने राज्य करत नव्हते, ते पिकं मोजत होते, माणसं मोजत होते, आणि मोजण्यातून "आम्ही यांचं भलं करतोय" हे सिद्ध करत होते. दादाभाईंना ते कळलं होतं म्हणूनच त्यांनी भांडण त्या मोजणीच्या आत जाऊन केलं, तुमचाच तक्ता, तुमचाच आकडा, आता याचं उत्तर द्या. नुसतं लूट लूट म्हणत राहिले असते तर पार्लमेंटमध्ये कुणी ढुंकून पाहिलं नसतं. लूट होतीच. पण लुटणारा जेव्हा हिशेबनीस होऊन येतो तेव्हा त्याच्या वह्या वाचता यायला लागतात, आणि तेवढ्यासाठी मला ही फ्रेंच थिअरी हाताशी हवी असते.

प्रश्न : मी द्राक्ष उत्पादक आहे, माल युरोपला जातो. मुलगा पुण्यात शिकतो, तो म्हणतो की बाबा तुमची बाग युरोपातून चालवली जाते, ही सुद्धा गुलामीच. पण मला तसं पूर्ण वाटत नाही. रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाच्या, नियमांमुळे आम्ही औषधं मोजून मारायला शिकलो, घरची पोरं पण तीच द्राक्षं खातात. दोघांत बरोबर कोण?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण जे पुस्तकात चारशे पानं घेतं ते तुम्ही चार ओळींत लिहिलंय.

मुलगा जे म्हणतो ते असं. प्लॉटची नोंदणी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर, ही पद्धत २००६ पासूनची. ऑक्टोबर छाटणीपासून काय फवारलं, किती मारलं, कधी मारलं याची वही. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते ठरलेलं. लॅबचा माणूस बागेत येऊन नमुना नेणार, रिपोर्ट बरोबर आला तरच कंटेनर भरणार. यात युरोपचा एकही अधिकारी तुमच्या बांधावर उभा नाही. वही तुम्ही लिहिता, तपासतं आपलं खातं, रिपोर्ट देते आपली लॅब. तुमच्या मनातच एक तपासनीस बसवला गेलाय, पंप उचलायच्या आधी तुम्ही स्वतःच दिवस मोजता. सत्ता अशी चालते हे त्याला कळलंय, त्याला शाबासकी द्या.

आणि तुमचंही खरं आहे, की या तपासनिसाने तुमचं भलं केलंय. फुकोसुद्धा हेच म्हणायचा की सत्ता फक्त अडवत नाही, ती काही घडवते, कौशल्य घडवते, सवय घडवते. कमी विष पोटात जाणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती कुठून आली म्हणून वाईट होत नाही. मला गुलामी हा शब्द इथे बरोबर वाटत नाही.

मात्र २०१० चा सीझन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लक्षात असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड, तुमच्या भाषेत सीसीसी, वाढ आवरायला वर्षानुवर्षं वापरलं जाणारं, त्याचे अंश युरोपात सापडले आणि माल अडकला. ते केमिकल त्या वेळी आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत नव्हतं. म्हणजे ज्यांनी वही नीट लिहिली, यादीप्रमाणे सगळं केलं, लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन कंटेनर पाठवला, तेच लोक बुडाले. मर्यादा युरोपात ठरली, यादी दिल्ली-पुण्यात ठरली, आणि चूक कुणाची हे ठरायच्या आत बाजार पडला होता. कर्ज मात्र ज्याच्या सातबाऱ्यावर होतं त्याच्याच सातबाऱ्यावर राहिलं. मदतीसाठी बागायतदारांना सरकारदारी खेटे घालावे लागले.

या सगळ्या रचनेत गोष्ट अडते ती इथे. नियम पाळण्याचं काम खालपर्यंत वाटलं गेलंय, बागेतल्या बाईमाणसापर्यंत, पण नियम ठरवण्याचं काम वाटलं गेलेलं नाही आणि नुकसान वाटून घेण्याचं तर नाहीच नाही. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नसते त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. युरोपातल्या शेतकऱ्याला जे औषध लागतच नाही त्याची वेगळी मर्यादा ठरवून घ्यायला तिथे कोण खटपट करणार? बाहेरच्या देशाला तशी मागणी करता येते, पण त्यासाठी चाचण्यांचे आकडे, पैसा आणि वर्षं लागतात, आणि ते निफाडच्या एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही, बागायतदार संघाच्या आणि सरकारच्या आवाक्यातलं आहे. शिवाय युरोपच्या सुपरमार्केट साखळ्या सरकारी मर्यादेपेक्षाही कडक अटी घालतात, मर्यादेच्या अमुक टक्केच अंश चालेल, एका नमुन्यात अमुकच औषधं चालतील, आणि त्या अटी कुठल्याही पार्लमेंटने केलेल्या नाहीत, त्यावर दाद कुठे मागायची हाच प्रश्न आहे.

म्हणून मुलाला सांगा की गुलामी म्हणून विषय संपवू नकोस, बाबांसोबत बसून मागच्या पाच-सहा सीझनच्या वह्या काढ. कुठलं औषध कुठल्या वर्षी यादीतून गेलं, त्या जागी जे आलं त्याचा लिटरचा भाव काय, त्याने एकरी खर्च किती वाढला, आणि निर्यातीचा दर त्या वर्षी किलोला किती मिळाला, हे सगळं एका कागदावर मांड. असे तालुक्यातले शे-दोनशे कागद एकत्र आले की तो तक्ता बागायतदार संघाला अपेडापुढे आणि पुढे युरोपीय संघाच्या ब्रसेल्सपर्यंत ठेवता येईल. तुमच्याकडे वह्या आहेतच, आजवर त्या फक्त तपासणाऱ्यांनी वाचल्यात.